सव्वानऊचा हॅलो

सकाळी सव्वानऊला फोन वाजायचा. मी उचलला की पलीकडून आवाज यायचा, "हॅलो." मी म्हणायचो, "हॅलो, साहेब." की फोन बंद. ना काम, ना चौकशी, ना हवापाणी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा सटकलेला आहे. दुसऱ्या आठवड्यात मी विचारलंच.

"साहेब, दहा वाजता तुम्ही ऑफिसात येताच. मग सव्वानऊला फोन कशाला?"

"शेजारी आहे की नाही, ते पाहायला."

"आणि नसलो तर?"

"चार हॅलो चुकले, तर शेजारी नाही असं धरायचं आणि दुसरा रस्ता काढायचा. त्याआधी घाई करायची नाही. एखादा चुकला तर माणूस मोरीत असू शकतो."

ही राउटरांची, म्हणजे इंटरनेटला रस्ता दाखवणाऱ्या यंत्रांची, रीत होती. एक राउटर शेजारच्या राउटरला दर दहा सेकंदांनी हॅलो पाठवतो. चाळीस सेकंद काहीच आलं नाही, तर शेजारी गेला असं समजतो, सगळ्यांना कळवतो आणि माल दुसऱ्या रस्त्याने वळवतो. या बोलीला ओएसपीएफ म्हणतात. साहेबांनी दहा सेकंदांचा एक दिवस केला होता. त्यांच्या शेजाऱ्यांच्या यादीत तीनच नावं होती: जबलपूरला दिलेली मुलगी, लोधीपुऱ्यातला दूधवाला आणि मी.

या माणसाने माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम घालवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज बुऱ्हाणपुरात त्यांचं नाव निघालं की लोक हात जोडतात. "काय सज्जन माणूस!" असतील सज्जन. पण सज्जन माणसाचा खर्च कोणावर पडतो, ते कोणी विचारत नाही.

मी धूलकोटचा. दहावीत दोनदा आपटलो आणि खांद्यावर शिडी घेऊन शहरात आलो. टीव्हीच्या केबली ओढायचो. इतवाऱ्यातल्या प्रत्येक गच्चीचं दार कुठून उघडतं, कोणाचा कुत्रा चावतो आणि कोणाचा नुसता भुंकतो, हे मला पाठ होतं. केबलचा धंदा पुढे इंटरनेटचा झाला, तो मी कोणाचा हात न धरता केला. माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक जीभ, जी कोणत्याही भावातून चौथा हिस्सा कमी करून आणते. दुसरा राग. तो फुकटचा होता, पण त्यानेच सगळ्यांत जास्त खर्च करवला.

साहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मी त्यांना नेट सांभाळायला ठेवलं. खिशाला दोन पेन, कारण एक बंद पडू शकतं. खांद्यावर पंचा, सायकलच्या हँडलला पाण्याची बाटली. दुसऱ्याकडचं पाणी पीत नसत, चहा मात्र कोणाचाही चालायचा. पहिल्या दिवशी आले तेव्हा माझं सगळं इंटरनेट एका जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं. तोच रस्ते दाखवायचा, तोच गिऱ्हाइकांची बिलं काढायचा, त्याच्यावरच आमचे लोक दुपारी गाणी लावायचे. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"हा बिचारा एकटाच?"

"एकटाच. पाच वर्षं झाली, तक्रार नाही."

"तो करत नाही. गिऱ्हाईक करतं ना? संध्याकाळी आठला?"

करत होतं. संध्याकाळी आठला सगळं गाव घरी येऊन मोबाइल उघडायचं आणि माझा फोन शिव्यांनी तापायचा. साहेब खुर्चीवर बसले आणि मला मांडे करणाऱ्याची गोष्ट सांगू लागले.

"शेठ, मोठ्या जेवणात मांडेवाला वेगळा बोलावतात की नाही? त्याला कोणी दाळ ढवळायला लावतं? पाव्हण्यांना या-बसा म्हणायला? तो फक्त पीठ हातावर उडवतो, चादरीएवढं करतो, उलट्या तव्यावर टाकतो. त्याला विचार करावा लागत नाही, हातालाच माहीत असतं. म्हणून पंगत थांबत नाही. तुमचं हे मशीन मांडे करतं, दाळ ढवळतं आणि मधेच वही काढून हिशेब लिहायला बसतं."

"मग काय करायचं?"

"मांडेवाला आणायचा. फक्त रस्ता दाखवणारा. स्वतंत्र राउटर. त्याच्या आत रस्ता निवडायचं काम चिपच करते. आलं की पाहिलं, पाहिलं की पाठवलं. त्याला गाणी लावता येत नाहीत, हाच त्याचा गुण."

राउटर घ्यायला आम्ही इंदूरला गेलो. दुकानदाराने सांगितलेल्या भावावर मी हसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, चहा प्यालो, पुन्हा उठलो. हे सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग मला दिसलं की यंत्राला मागून विजेचे दोन डबे आहेत. एक जळाला तर दुसरा चालू राहावा म्हणून.

"एक काढा," मी म्हणालो. "त्याचे कमी करा."

तासभर गप्प बसलेले साहेब तेव्हा पहिल्यांदा बोलले. "शेठ, तुमच्या किडन्या दोन आहेत ना? एक इथेच काढून ठेवू. अजून कमी होतील."

दुकानदार असा हसला की माझा सगळा भाव विस्कटला. दोन्ही डबे घ्यावे लागले. परतीच्या वाटेवर खंडव्यापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही. राउटरचं खोकं मांडीवर घेऊन ते झोपले होते.

एवढं मात्र कबूल करतो. त्या मे महिन्यात मी संध्याकाळी आठला घरी बसून गरम जेवलो. बायको म्हणाली, "आज कोणी मेलं का? फोन नाही वाजला."

पुढे धूलकोटच्या टॉवरवर दुसरा राउटर बसला आणि दोघांचं हॅलो-हॅलो सुरू झालं. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांशी बोलायची बोली वेगळी, तिला बीजीपी म्हणतात. साहेब म्हणायचे, "घरात ओएसपीएफ, व्याह्यांशी बीजीपी. घरात सगळं सांगायचं. व्याह्यांना सांगायचं तेवढंच सांगायचं, पण सांगितलेलं खरं पाहिजे."

त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे रोजचा छळ होता. कोणीही बातमी आणली की विचारायचे, "किती तोंडांची?" सलीमभाई आमचा जुना लाइनमन, फायबर जोडण्यात पटाईत. तो एकदा धावत आला.

"साहब, सुना है, मोठी कंपनी येऊन राहिली गावात. फुकट नेट देणार."

"किती तोंडांची?"

सलीमभाईने बोटं मोजली. "पानवाला, त्याचा साला, सालेका दोस्त... तीन."

"म्हणजे चौथे तुम्ही. राउटरांच्या एका जुन्या रीतीत सोळा तोंडांची बातमी खोटीच धरतात. अजून जागा आहे. चहा घ्या."

स्वतः ते दोनच तऱ्हेने बोलायचे. "मी पाहिलं" आणि "मी ऐकलं." यांची सरमिसळ त्यांच्याकडून कधी झाली नाही. इतवाऱ्यातून लोधीपुऱ्याला घरी जायचे तेही रोज वेगळ्या गल्लीने. कुठे खोदलंय, कुठे मांडव पडलाय, ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे. मी म्हणायचो, सरळ रस्ता असताना ही वणवण कशाला? ते म्हणायचे, "सरळ रस्ता बंद पडल्यावर दुसरा शोधायला निघालो तर जेवण थंड होतं."

आणि चिंध्या. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून त्यावर धोब्याच्या शाईने लिहायचे आणि पारदर्शक नळीत घालून प्रत्येक तारेला बांधायचे. कुठून आली, कुठे जाते, कोणी टाकली, केव्हा. खाली एक शेरा. तारांवर भागलं नाही तेव्हा ते ऑफिसवर उतरले. माझ्या छत्रीला चिंधी होती: "शेठची. नेऊ नये. नेल्यास सांगावे." पंख्याच्या बटणाला होती: "तीनवर आवाज करतो. शेठना सांगितले. चालतंय म्हणाले."

आता नालीचं सांगतो.

माझ्याकडे बाहेरून दोन लाइनी यायच्या, एक इंदूरकडून आणि एक भुसावळकडून. दोन्ही स्टेशनपर्यंत यायच्या. तिथून इतवाऱ्यातल्या ऑफिसपर्यंत फायबर आम्हाला टाकायचं होतं. साहेबांनी कागदावर दोन रेघा काढून दिल्या. एक मोठ्या रस्त्याने सरळ, दुसरी लोधीपुऱ्याकडून वळसा घालून. खोदणाऱ्या ठेकेदाराने दोन नाल्यांचा भाव सांगितला. मी हसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी माझ्याच डोक्यातून निघालं, "दोन कशाला खोदतो? एकच खोद. दोन्ही पाइप तिच्यातच टाक." खर्च जवळपास निम्म्यावर आला. त्या दिवशी मी सगळ्यांना माव्याची जिलेबी वाटली. साहेबांनी दोन वेढे खाल्ले, हात पुसले आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला आठवत नाही. मी खुशीत होतो.

वर्षभराने ते काम आलं. शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात ऑनलाइन परीक्षांचं केंद्र होणार होतं. नोकरीच्या परीक्षा, गावोगावची पोरं येणार. ते मिळालं असतं तर पुढची पाच वर्षं मला गल्लीबोळातल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाव्या लागल्या नसत्या. मोठी कंपनी तोवर खरंच गावात आली होती, तिच्यापुढे टिकायला मला हेच एक काम हवं होतं. अट एकच होती. दोन लाइनी पाहिजेत आणि दोन्ही वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या पाहिजेत.

केंद्राच्या मॅडमनी विचारलं, "वेगवेगळ्या आहेत ना पक्क्या? परीक्षा चालू असताना नेट गेलं, तर पोरं माझी मान धरतील."

"मॅडम, एक उत्तरेकडून येते, एक दक्षिणेकडून. याहून अलग काय असतं?"

मी खोटं बोललो नव्हतो. आजही म्हणतो, नव्हतो. मॅडम खूश झाल्या. कागद साहेबांकडे सरकवला. "सर, टेक्निकलवाले तुम्ही ना? इथे सही करा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, कागद वाचला, टोपण परत लावलं.

"शेठ बरोबर सांगतात," ते म्हणाले. "स्टेशनपर्यंत. स्टेशनपासून इतवाऱ्यापर्यंत दोन्ही एकाच नालीत आहेत."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मी पाहिलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ, जी भल्याभल्यांचा भाव पाडते, ती टाळ्याला चिकटून बसली. काम दुसऱ्या ऑपरेटरला गेलं.

बाहेर त्यांच्या सायकलपाशी मी त्यांना गाठलं. चार शिपाई, दोन प्रोफेसर पाहत होते. मला पर्वा नव्हती.

"साहेब, मीठ कोणाचं खाता?"

"तुमचं."

"मग? गप्प बसायला काय झालं होतं?"

"सही मागितली होती, शेठ. सही म्हणजे गप्प बसणं नव्हे."

"तीन किलोमीटर! तीनशे किलोमीटर वेगळ्या आहेत त्या, तीन किलोमीटरांसाठी तुम्ही माझा गळा कापला!"

त्यांनी सायकलचं स्टँड काढलं. "राउटर जेव्हा नसलेला रस्ता आहे म्हणून सांगतो ना, तेव्हा शेजारी विश्वासाने सगळं त्या रस्त्याने पाठवतो. ते कुठे जातं, कोणाला कळत नाही. विहिरीत पडल्यासारखं जातं. इथे तर पोरं आहेत. धूलकोटचीही असतील. सकाळची पहिली बस धरून येतील."

"माझ्या गावाचं नाव घेऊ नका. उद्यापासून येऊ नका."

"बरं. आणि सव्वानऊचा हॅलो?"

"तोही नको!"

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला फोन वाजला. मी कापला. तिसऱ्या दिवशीही कापला. दीड वर्ष तो रोज वाजला आणि दीड वर्ष मी रोज कापला. सलीमभाई एकदा म्हणाला, "शेठ, नंबर ब्लॉक करून टाका ना, खटखट मिटेल." का केला नाही, ते मला सांगता येत नाही. रोज कोणावर तरी राग काढायची वेळ ठरलेली असली की बाकीचा दिवस बरा जातो, असं काहीसं असेल.

मग तो रविवार आला. त्या केंद्रावर परीक्षा होती. पावणेनऊपासून माझे फोन सुरू झाले. "शेठ, नेट बंद आहे." "भैया, कब आयेगा?" मी स्क्रीन पाहिली. दोन्ही राउटर ठणठणीत, चारही विजेचे डबे हिरवे, मांडेवाला तव्यापाशी तयार उभा. पीठच येत नव्हतं. इंदूरची लाइन मेली होती, भुसावळचीही मेली होती, आणि दोघी एकाच मिनिटाला मेल्या होत्या. सलीमभाई मोटारसायकलवर निघाला.

सव्वानऊला फोन वाजला. अंगठा सवयीने कापायला गेला. मग उचलला.

"हॅलो," मी म्हणालो.

दीड वर्षात पहिल्यांदा मी बोललो होतो.

"हॅलो. दोन्ही गेल्यात."

"किती तोंडांची?" मी चिडून विचारलं.

"खड्ड्यापाशीच उभा आहे."

मोठ्या रस्त्यावर गटारासाठी जेसीबी लावला होता. दोन्ही पाइप एका घावात तुटले होते, केळीचा घड कापावा तसे. ऑफिसातले फोन आवरून मी पोहोचलो तेव्हा सलीमभाई खड्ड्यात उतरून फायबरची टोकं पुसत होता. साहेब काठावर उभे होते, डोक्यावर पंचा, बाजूला सायकल, आणि सलीमभाईवर ऊन येऊ नये म्हणून हातात छत्री. माझीच छत्री, सलीमभाईने ऑफिसातून आणलेली. तिची चिंधी अजून लोंबत होती.

"केंद्रावर?" मी विचारलं.

"चालू आहे. आत्ताच तिकडून आलो. पोरं पेपर सोडवताहेत."

ते काम माझ्याकडे असतं तर. हे वाक्य मी पूर्ण केलं नाही, आजही करत नाही. पण माणूस हरताना काहीतरी हातात धरतोच. मी माझी तक्रार धरली.

"साहेब, नाली एक होती, मान्य. पण चार लोकांत बोललात. आधी मला एकट्याला सांगायला काय हरकत होती? दीड वर्ष हेच खातंय मला. मला सांगायचं होतं!"

"सांगितलं होतं."

"कधी?"

त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. सलीमभाईने मान वर केली. त्याच्या हातात पाइपचा तुकडा होता आणि त्याला नळीत घातलेली धोतराची पट्टी.

"शेठ, इसपे तो तुमचं नाव आहे."

मी खाली उतरलो. नळीवरची माती अंगठ्याने पुसली. कुठून, कुठे, कोणी, केव्हा. खाली शेरा:

"दोन्ही एकाच नालीत. शेठना सांगितले. हसले."

धोब्याची शाई. एक अक्षरही फुटलं नव्हतं. दुसऱ्या पाइपला तशीच दुसरी पट्टी होती, तोच शेरा. मला जिलेबीचा दिवस आठवला. चिकट हात, ठेकेदाराची पाठ थोपटणं, आणि कोणीतरी काहीतरी म्हणाल्यावर आलेलं हसू. शब्द आठवले नाहीत. हसू आठवलं.

"नुसतं हसलो?" मी खड्ड्यातूनच विचारलं. "बोललो काही नाही?"

"बोलला असतात तर लिहिलं असतं."

सलीमभाईने तोंड फिरवलं. तो हसत होता की खोकत होता, ते मी विचारलं नाही. लाइन दुपारी सुरू झाली.

पुढच्या हिवाळ्यात मी लोधीपुऱ्याकडून दुसरी नाली खोदवली. भाव केला, कारण भाव न करता मला झोप येत नाही, पण रस्त्यावरून केला नाही, मजुरीवरून केला. साहेबांना कामावर परत या म्हणालो. ते म्हणाले, "शेजारी म्हणूनच बरा आहे." नाली बुजवायच्या आदल्या दिवशी मात्र आले, स्टेशनपासून इतवाऱ्यापर्यंत सायकल हातात धरून तिच्या कडेने चालले आणि ऑफिसच्या पायरीशी येऊन एकच शब्द बोलले, "पाहिली."

माझी तक्रार गेलेली नाही. केंद्राचं काम अजूनही दुसऱ्याकडेच आहे, आणि त्या रस्त्याने जाताना मी मान वळवत नाही. फक्त ती तक्रार आता मला त्यांच्या नावावर टाकता येत नाही, आणि अशी बिननावाची तक्रार सांभाळणं फार अवघड असतं.

साहेब आता जबलपूरला मुलीकडे असतात. कान गेले आहेत. त्यांचे हॅलो थांबले, म्हणून मी सुरू केले. सव्वानऊला मी फोन लावतो. ऐकू येत नाही, त्यामुळे ते उचलत नाहीत, फोन थरथरला की कापतात. पहिल्यांदा कापला तेव्हा मला झोंबलं. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा म्हणतात, शेठनी दीड वर्ष रोज कापला. ज्या दिवशी कापणार नाहीत, त्या दिवशी काळजी करायची, असं ते आईच्या फोटोला सांगायचे."

मागच्या आठवड्यात फोन नुसता वाजत राहिला. कापला नाही. मुलीचाही लागेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सलीमभाईला जबलपूरच्या गाडीची वेळ पाहायला सांगितली. तो म्हणाला, "म्हातारा मोरीत असेल, शेठ." मी म्हणालो, "तीन दिवस?"

चौथ्या दिवशी नऊलाच ऑफिसात येऊन बसलो. पंखा तीनवर आवाज करत होता, तो बंद केला. सव्वानऊला फोन लावला. एक रिंग गेली. दुसरी गेली. तिसरी अर्ध्यात तुटली.

मी मोबाइल टेबलावर ठेवला. सलीमभाई दारात उभा होता.

"आहेत," मी म्हणालो.